चौथ्या गणिताची ओळ

पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची माहिती द्यायला पालकांना बोलावून बाईंनी नमुना प्रश्नपत्रिकाच हातात ठेवली. "आधी तुम्ही सोडवा!"

हणमंत पोरांच्या बाकावर कसाबसा मावला. चौथं गणित अडलं, ते सोडून तो उत्तरपत्रिकेवरचे गोल भराभर काळे करत सुटला.

"सोडवलंत ते सगळं बरोबर," बाई म्हणाल्या. "पण चौथ्याची ओळ रिकामी ठेवली नाहीत. पुढचं सगळं एक ओळ वर सरकलं. तपासणारं मशीन ते चूकच धरणार."

हणमंताचे कान तापले. परवा सराव परीक्षेत लेकीचं, पूर्वाचं, हेच झालं होतं. "लक्ष कुठं असतं गं?" म्हणत त्याने तिला अख्ख्या गल्लीसमोर झापलं होतं.

घरी पूर्वाने दारातच विचारलं, "किती पडले, बाबा?"

हणमंत गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तुझ्याइतकेच!"