पिंपं भरण्याआधी

"मस्त झालीये, वहिनी," असं म्हणून दिराने ग्लास खाली ठेवला. ओठांवरचा फेस मनगटाने पुसला आणि तो रिकामी पिंपं टाकीजवळ ओढायला लागला.

तिच्या हातातला ग्लास मात्र हातातच होता. ही नवी स्टाउट बिअर काळी दिसत होती, खिडकीसमोर धरली की कडेला तांबूस. फेस दाट आणि चिवट. घोट घेतला की आधी भाजक्या सातूचा कडवटपणा लागायचा आणि शेवटी जीभ कोरडी पडायची. ही बिअर कोरडीच हवी, तिथे काही तक्रार नव्हती. पण या दोन्हींच्या मधे काहीतरी येऊन जात होतं. तिने पुन्हा घोट घेतला. पुन्हा आलं आणि गेलं.

"भावजी, जरा थांबा."

"आता कशाला थांबायचं? मीटर सांगतंय, आंबून झाली. संध्याकाळी माणसं येणार आहेत. दारावर एवढी मोठी पाटी लावलीये, 'आपल्या गावची पहिली सेंद्रिय स्टाउट'. आलेल्यांना काय, पाटी पाजू?"

"काहीतरी खटकतंय."

"काय खटकतंय?"

तेच तिला सांगता येईना. दिराने मागच्या बाजूला तोंड करून हाक मारली, "दादा, जरा येतोस का?"

"त्याला कशाला?" ती म्हणाली, पण हाक जाऊन पोचली होती.

तिचा नवरा मागे टाकी धूत होता. तो पँटला हात पुसत आला. ही ब्रुअरी त्यानेच उभी केली होती आणि सुरुवातीच्या सगळ्या बिअर त्याच्याच जिभेवर ठरल्या होत्या. पुढे पिणं हाताबाहेर गेलं, दवाखाना झाला, आणि त्याने दारू सोडली ती सोडलीच. तेव्हापासून तो टाक्या धुवायचा, पाइप जोडायचा, सातू दळायचा. चव बघायचं काम तिच्या गळ्यात पडलं. ते ती मन लावून करायची, पण दुसऱ्याच्या खुर्चीवर टेकल्यासारखी.

"वहिनींना काहीतरी खटकतंय," दीर म्हणाला. "मला तर काही लागत नाही. तू सांग, म्हणजे विषय मिटला."

नवऱ्याने तिच्या हातातला ग्लास घेतला. तिचा हात नकळत पुढे झाला.

"वास घेतोय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

त्याने बराच वेळ वास घेतला. ग्लास फिरवून पुन्हा घेतला. "भाजका वास दांडगा आहे. त्याच्याखाली आणखी काही असलं तरी नाकाला पत्ता लागायचा नाही. जिभेवर घ्यावं लागेल."

"मग घे की. तोंडात फिरव आणि थुंकून टाक. पोटात कुठे जातंय?"

मागे बंद करायचा राहिलेला नळ वाहत होता.

"पोटात कुठे जातंय, असं मलाही रोज वाटतं," नवरा म्हणाला आणि त्याने ग्लास तिच्या हातात परत दिला.

दिराचं तोंड एवढंसं झालं. तो जाऊन नळ बंद करून आला.

"तू घे," नवरा तिला म्हणाला. "लगेच गिळू नकोस. जीभ टाळ्याला लाव. काय लागतं?"

"कडू."

"मग?"

"मग काही लागत नाही. म्हणजे, चव अशी नाही. जीभ घसरते."

"घसरते म्हणजे?"

तिने आणखी एक घोट घेतला. "बुळबुळीत. लोणी चाटल्यासारखं. अगदी थोडं, पण आहे."

"लोणी कुठून आलं?"

"यीस्टचं काम राहिलंय." हे वाक्य तिच्या तोंडून सहज निघालं. "आंबवलं त्याने, पण मागची आवराआवर केलेली नाही. थोडी ऊब देऊन दोन-चार दिवस तशीच ठेवली, तर यीस्टच ते लोणी खाऊन टाकेल. आत्ता थंड करून पिंपात भरली, तर ते जायचं नाही. वाढेल कदाचित."

"सगळं माहीत आहे, तर मला कशाला विचारतेस?"

"मी कुठे विचारलं?"

"हं," तो म्हणाला. "तेही खरंच."

"वहिनी, दोन-चार दिवस?" दीर म्हणाला. "अहो, लोकांना कळणारसुद्धा नाही."

"मला कळलं ना. आज पिंपं भरायची नाहीत, भावजी. येतील त्यांना आपली नेहमीची पाजा. काय झालं ते मी सांगते त्यांना, तुम्ही मधे पडू नका."

दीर काहीतरी पुटपुटत, खिशातला फोन चाचपत बाहेर गेला. तो लांब गेल्यावर तिने हळूच विचारलं, "आणि माझंच चुकत असेल तर?"

"तर चुकेल. माझंही चुकायचं. तेव्हा सगळे वा वा म्हणायचे, एवढाच फरक."

तो टाकीपाशी गेला. यीस्टला किती ऊब द्यायची, ते दारू सोडल्यावरही आजवर तोच ठरवत आला होता. त्याने बटणावर हात ठेवला, पण फिरवलं नाही.

"किती वर नेऊ?"

तिने नुकताच घोट घेतला होता. जीभ टाळ्याला लावून तिने डोळे मिटले आणि, थांब, म्हणून हात वर केला.

बटणावरचा हात तसाच ठेवून तो थांबला.