नऊ जानेवारीचा दिनविशेष

अर्जुनी मोरगावच्या शालीकरामांनी झाडीपट्टीच्या नाटकांत तीस वर्षं राजाचं काम केलं. आता डोळे गेले होते. रोज सकाळी मुलगी डिंपल त्यांना पेपरातला दिनविशेष वाचून दाखवायची. या तारखेला कोणता सिनेमा लागला, कोणता नट जन्मला, हे सगळं ऐकून झालं की ते विचारत, "नऊ जानेवारीले किती दिस राहिले?"

त्या तारखेला त्यांच्या नाटकाचा हजारावा प्रयोग झाला होता. डिंपल दर वर्षी पेपरवाल्यांना पत्र पाठवायची, पण छापून कधी आलं नाही. यंदा तर त्यांचं खाणंपिणंही सुटलं होतं. नऊ जानेवारीला डिंपलनं सिनेमांच्या चारही ओळी वाचल्या आणि पाचवी आपल्या मनानं जोडली. "याच दिवशी शालीकराम व रुख्माबाई यांच्या नाटकाचा हजारावा प्रयोग झाला."

ते ताडकन उठून बसले. "रुख्मीले फोन लाव!"

रुख्माबाई त्यांची नायिका, आता आमगावला लेकीकडे राहायची. तिला ते ओरडूनच म्हणाले, "आजचा पेपर घे अन् पाह्य, आपलं नाव आलं!"

त्या दिवशी ते पोटभर जेवले. तीच ओळ डिंपलकडून चारदा वाचून घेतली. दुपारी रुख्माबाईचा फोन आला, तो त्यांनीच उचलला.

"शालीकभाऊ, लेकीनं सारा पेपर पाहला. सिनेमेच हायत. आपलं नाव कोठीच नाही."

त्यांनी फोन खाली ठेवला. शालीकराम हळूहळू आडवे झाले.

"उद्यापासून पेपर बंद कर, बेटा."