ठकुबाईचा खोकला

"हिला आधी खाली उतरव, मानसिंग. बारा माणसं कोंबलीस, पडदे बंद, आणि ही बाई सगळ्यांच्या तोंडावर क्षय शिंपडतेय."

बोलणारे उपेंद्रराव, भोरच्या एका वकिलाचे कारकून. नाकाला उपरणं लावलेलं. पुण्याची मोटार नसरापूरला थांबली व्हती. इंजन तापलं म्हनून बंद केलं व्हतं, क्लीनर पानी आनायला गेलेला.

मानसिंग ड्रायव्हर काय बोलला न्हाई. दोन्ही हात चाकावर, तोंड घट्ट मिटलेलं.

त्याच्या पाठीमागच्याच बाकावर ठकुबाई बसलेली. वेल्ह्याकडची म्हातारी. ती दनकून खोकली, पदरानं तोंड पुसलं.

"तिकीट काढलंया. पुण्यापतुर जानार."

"जा की. चालत जा."

"तुमी चाला. पॉट लई सुटलंया."

वरव्याचा ज्ञानू हसला. उपेंद्ररावांनी बघितल्यावर गप झाला. मग त्यानंच इचारलं, "म्हातारे, मोटार चालू असली की तुला काय बी हुईत न्हाई. बंद पडली की सुरू. मुद्दाम करतीस व्हय?"

"व्हय, मुद्दाम करती. काय म्हननं हाय?"

"रोज काय काम असतं गं पुन्याला?"

"पोराच्या भाकरीसाठी जाती. त्यात कोन आडवं आलं तर त्याला आडवं करीन."

आन् परत खोकली.

तेवढ्यात चिमाजी चढला, मालकाचा मुकादम. उपेंद्ररावांनी त्याला तितंच धरला. "मागच्या महिन्यात तुमच्या आधीच्या क्लीनरला खोकला झाला, मालकांनी त्याला त्याच दिवशी घरी बसवला. मग हिला कुठला कायदा?"

चिमाजीनं ठकुबाईकडं बघितलं. "खोकणारं मानूस मोटारीत न्हाई म्हंजे न्हाई. मालकांचा हुकूम हाय. उतर."

"न्हाई उतरत."

तिनं बाकाची दांडी धरली. चिमाजी आन् ज्ञानू, दोघांनी मिळून एकएक बोट सोडवलं. एकाला ती चावली.

"टपावर बसवा," खाली उतरवल्यावर ती म्हनली. "बोचक्यावानी बांधा वर. पर मोटारीसंगं न्या मला."

"न्हाई."

मग तिनं समद्यांच्या सात पिढ्या काढल्या. उपेंद्ररावांनी पडदा वर गुंडाळला, छाती भरून वारा घेतला. चिमाजी ड्रायव्हरच्या शेजारी बसला.

क्लीनरनं पानी ओतलं, हॅन्डल मारलं. इंजन लागंना. परत मारलं. न्हाईच.

ठकुबाई धावत ड्रायव्हरच्या बाजूला आली आन् खोकायला लागली. आतडी बाहेर येतील असं. ज्ञानूनं उडी मारली, तिला दंडाला धरून पार लांब, हाटेलाच्या मागं नेऊन सोडली आन् परत येऊन बसला. तितनं तिचा आवाज काय हिकडं येईना.

मोटारीत पहिल्यांदाच शांत झालं. उपेंद्ररावांनी नाकावरचं उपरणं काढलं.

"सुटलो बाबा," चिमाजी म्हनला. "का रं मानसिंग, मघापासनं मुका झालायस? निघायचं न्हवं?"

मानसिंगचं तोंड लाल झालं व्हतं. त्यानं मान हलवली. चिमाजी त्याच्याकडं बघतच राहिला, तवा त्याला तोंड उघडावं लागलं.

"व्हय," तो म्हनला, "आता निघायला पा..." आन् पुढचं समदं खोकल्यात गेलं.