वाचून झालेली पत्रं

"पुन्हा एकदा सांग," सुमार्नीने वही पुढे ओढली. "कुकी म्हणजे बिस्किट नव्हे, इथपर्यंत कळलं."

एंदाह हसली. इंडोनेशियातल्या सेमारांग शहराच्या त्या छोट्या वाचनालयात दर शनिवारी सकाळी ती साठीपुढच्या लोकांना इंटरनेट शिकवायची; बायकांना आदराने 'बु' म्हणायची, पुरुषांना 'पाक'.

"बु, तुमचा चहा कमी साखरेचा, हे कोपऱ्यावरच्या टपरीवाल्या बाईला रोज सांगावं लागतं का?"

"नाही. तिच्या लक्षात असतं."

"वेबसाइटही तशीच तुम्हाला लक्षात ठेवते. ती आठवण म्हणजे कुकी. पण टपरीवालीने तुमच्या सवयी अख्ख्या गल्लीला सांगितल्या, तर? म्हणून अधूनमधून पुसायच्या."

सुमार्नीने लिहून घेतलं. त्याखाली ब्राउझरची गुप्त खिडकी: कॉम्प्युटरवर माग राहत नाही, बाहेरच्यांना दिसायचं ते दिसतंच. मग वेबसाइटच्या पत्त्याजवळचं कुलूप: रस्ता बंदोबस्ताचा, पण दार उघडणारा भला की चोर, ते कुलूप सांगत नाही.

बाकीची मंडळी गेली, तरी ती बसून राहिली. मग तिने पिशवीतून एक जुना लॅपटॉप काढला.

"माझ्या मुलाच्या खात्यात कोणीतरी शिरतंय."

गालिहला जाऊन तीन वर्षं होत आली होती. देमाकच्या रस्त्यावर त्याच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं होतं. रिवाजाप्रमाणे त्याच्या नावाने हजाराव्या दिवसाचं जेवणही घालून झालं होतं. लॅपटॉपवर त्याचं ईमेल तसंच उघडं राहिलं होतं आणि सुमार्नी दर शुक्रवारी आपल्या फोनवरून त्या पत्त्यावर पत्र लिहायची. उत्तर येणार नाही हे तिला ठाऊक होतं. कधीतरी लॅपटॉप उघडून ती ओळीने लागलेली आपली पत्रं नुसती बघायची. सगळी ठळक अक्षरांत, न वाचलेली.

दोन महिन्यांपूर्वी ती अक्षरं फिकी झाली. एकूण एक पत्र कोणीतरी उघडलं होतं. तेव्हापासून दर शुक्रवारचं पत्र रविवार-सोमवारपर्यंत वाचलं जात होतं.

"पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चुलीवरचा भात करपला," ती म्हणाली. "मनात काय काय आलं, ते तुला सांगत नाही."

एंदाहने सुरक्षेचं पान उघडलं. खातं कुठून कुठून उघडलंय त्याची यादी तिथे होती. एक हा लॅपटॉप. दुसरा एक मोबाइल, सेमारांगमधलाच.

"घरात आणखी मोबाइल कोणाकडे आहे?"

"ह्यांच्याकडे. पण त्यांना त्यावर होला पक्ष्यांचं घुमणं ऐकण्यापलीकडे काही येत नाही. गालिहचं नावसुद्धा काढत नाहीत ते. हजाराव्या दिवशी पाहुण्यांपुढे पक्ष्यांच्या गप्पा मारत बसले."

"लॅपटॉप कोणाला दिला होतात?"

"ईदच्या आधी दुरुस्तीला टाकला होता. पंधरा दिवस दुकानात पडून होता, शेवटी ह्यांनीच जाऊन आणला."

"मग झालं तर. हे बघा." एंदाहने दोनदा बटण दाबलं आणि गालिहचा पासवर्ड पडद्यावर स्वच्छ उमटला. "ब्राउझरने जपून ठेवलेला. समोर बसेल त्याला दिसतो."

सुमार्नीचा चेहरा उतरला.

"त्या पत्रांत घरातलं सगळं आहे गं. मी लिहिलंय, तुझे वडील दगड झालेत. उद्या मी गेले तरी हा माणूस पिंजरेच पुसत बसेल. दुकानातल्या कुठल्याशा परक्याने हे वाचायचं?"

"आजपासून नाही वाचणार. पासवर्ड बदलू, बाकी सगळीकडचं लॉगिन काढून टाकू. आणि पुढे कोणी शिरायला गेलं, तर आधी तुमच्या फोनवर आकडा येईल. तो आकडा कोणालाही सांगायचा नाही. मलासुद्धा नाही."

नवा पासवर्ड सुमार्नीने स्वतः घातला. शेवटच्या बटणावर तिचं बोट अडलं. कोणी का असेना, तिचं एकही पत्र त्याने अर्धवट सोडलं नव्हतं.

"बु?"

तिने बटण दाबलं. यादीतला तो मोबाइल नाहीसा झाला.

घरी परतताना तिला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटत होतं. वाटेत तिने ताजे लुंपिया, सारण भरलेले तळलेले रोल, घेतले, ह्यांना आवडतात म्हणून.

तिचे यजमान पाक वागिमान ओसरीवर पिंजऱ्यांखाली बसले होते. नाकावर चष्मा, हातात मोबाइल. सुमार्नीने चहा केला, लुंपियाची बशी त्यांच्या शेजारी ठेवली. त्यांनी वर पाहिलं नाही. बोट पडद्यावर एकाच जागी पुन्हा पुन्हा टेकत होतं.

"चहा निवतोय," ती म्हणाली.

"अगं," मान खाली घालूनच त्यांनी हळू विचारलं, "गालिहचा पासवर्ड बदललास का तू? कालचं पत्र वाचायचं राहिलंय माझं."