पाहुणीपुरतं चिनी

"म्हणा, आप्पा. श्येश्ये. म्हणजे आभारी आहे."

केरबा आप्पांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "घरच्या माणसाला बी म्हणायचं व्हय हे?"

"छे! घरात म्हटलं तर चिनी माणसांना परकेपणा वाटतो."

"मग ऱ्हाऊ द्या."

नानासाहेब गोंधळले. वाळूजच्या कंपनीत दुभाष्याचं काम करून निवृत्त झाल्यावर ते शहराच्या छावणी भागात चिनी शिकवत. नोकरी शोधणारी पोरंपोरी यायची, वेरूळचे गाईड यायचे. पण दौलताबादच्या या मेंढपाळाला चिनी कशाला हवं, हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरेना.

"किल्ल्यावर घोंगड्या विकायच्यात का?"

"नाय वो. चीनहून पाहुणी यायलीय. लई म्हातारी हाय. तिच्याम्होरं मुक्यावानी बसलो तर तिला वाटंल, हे माणूस आपलं नव्हंच."

"तुमची ओळख कुठली?"

आप्पा खिडकीबाहेर बघू लागले. "ह्या समोर दात बसवणाऱ्या चिन्याचं दुकान व्हतं. माझी माय बानाबाई त्यांच्याकडं दूध घालायची. बासष्टला लढाई लागली अन् त्यांना एका दिसात उचलून नेलं. मग देशच सोडाया लावला."

म्हणजे जुन्या रतिबाची ओळख! नानासाहेबांना हसू आवरेना. तेवढ्यासाठी कुणी साठीला टेकल्यावर भाषा शिकतं? माणूस साधा, पण डोक्यानं जरा सरकलेला, असं त्यांनी ठरवून टाकलं.

"मग 'जेवलात का' शिका. जुनी चिनी माणसं भेटल्यावर तेच विचारतात. छी फान ल मा."

"आमच्यावानीच की!" आप्पा खुलले. मेंढरांमागं हिंडताना ते तेवढंच घोकत राहिले.

विमानतळावर नानासाहेबही सोबत गेले. चाकाच्या खुर्चीतून पांढऱ्या केसांची म्हातारी बाहेर आली. आप्पांनी फेटा काढला, पण घोकलेलं चिनी काही आठवेना. शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं, आणि नानासाहेबांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जेवलीस का?" आप्पा शेवटी मराठीतच म्हणाले. त्यांना रडू फुटलं होतं.

म्हातारीनं हात वर केला तसे ते वाकले. तिनं त्यांच्या कपाळाला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग नानासाहेबांकडं वळून ती चिनीत म्हणाली, "दूधवाल्या बाईकडं ठेवला तेव्हा अंग तापलं होतं याचं. आता नाही."