एका दिवसाचा शिक्का

"आई, ह्यातलं एक तरी पाकीट कुणाला जाणार आहे का गं?"

विचारूनच दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तिने टपाल कचेरीच्या खिडकीत मान घालून, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं. बाकावर मैत्रिणी फिदीफिदी हसल्या.

आईने मान वर केली नाही. सकाळपासून ती शिक्के मारत होती. हजार वर्षांपूर्वीच्या जैन मंदिराचा हा खास शिक्का फक्त आजच्या दिवसापुरता होता, आणि गावातले झाडून सगळे तिकीट-संग्राहक लोटले होते. कोऱ्या पाकिटावर तिकीट लावायचं, शिक्का मारून घ्यायचा, पाकीट परत घरी.

"जातात ना," आई म्हणाली. "कपाटात." आणि मनगट चोळत तिने पुढचं पाकीट ओढलं.

ते बाबांचं होतं.

"अगं, जरा हलक्या हाताने! कळस फुटला बघ."

"माणसाचा हात आहे हा. मशीन नाही."

बाबांनी दुसरं सरकवलं. मग तिसरं. चौथ्यावर मात्र मंदिर असं उमटलं, की खांबन् खांब मोजून घ्यावा. बाबांनी ते खिडकीच्या फळीवर वाळत ठेवलं, पण चेहरा काही उजळला नाही. ताई स्वतःच्या मनाने लग्न करून गेली तेव्हापासून घरात हे असंच होतं. तिचं नाव निघत नसे. आई शिक्के मारून दमे, बाबा अल्बम लावून दमत, आणि जेवताना तिघंही आपापल्या ताटाकडे बघत.

मैत्रिणी खुणावत होत्या, चल, जिंकलीस. ती हलली नाही. वहीचं पान टर्रकन फाडून तिने काहीतरी खरडलं, फळीवरच्या त्या पाकिटात सारलं आणि वर ताईचं नाव, पत्ता लिहून टाकला. तोंडपाठच होता.

"अगं, अगं! एवढं एकच धड उमटलं होतं!" बाबा ओरडले. मग त्यांनी नाव वाचलं.

आईचा शिक्का हवेतच राहिला.

"आटपा की हो," मागून कुणीतरी म्हणालं.

"हे मी आजच ताईला पाठवणार आहे," ती म्हणाली. ह्या वेळी रांगेला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. "माझ्या दोनच ओळी आहेत आत. खाली जागा सोडलीय. पाकीट अजून चिकटवलं नाही."