सुधारित आवृत्ती

"वहिनी, जरा मोठ्यानं वाच. चोरीचं प्रकरण आलं ना?" काळा चष्मा सावरत दीर म्हणाला.

वहिनीनं मोठ्यानं वाचलं. त्याच्या कादंबरीतली वहिनी सासूचा हार चोरते आणि आळ घालते धाकट्या दिरावर. पन्नास वर्षं हे पुस्तक वर्गावर्गात शिकवलं जात होतं. समाजाचा आरसा म्हणे! ही कोणाची वहिनी, हे गावाला सांगायची गरजच नव्हती. बाजारात ती शेजारी येऊन उभी राहिली की बायका गळ्यातली साखळी चाचपत. तिच्या सुनेनं तर घरात पाऊल टाकताच कपाटाला नवं कुलूप लावलं होतं.

खरं काय ते या दोघांनाच ठाऊक होतं. शहरात शिकायला जाता यावं म्हणून हार दिरानंच चोरून विकला होता. पोराचा जन्म वाया जाऊ नये, म्हणून वहिनीनं आळ स्वतःवर घेतला. आणि या पठ्ठ्यानं त्यावर कादंबरी लिहिली! ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

आता त्याची नजर गेली होती. उपचारांचा काही उपयोग नाही, असं तोच सांगे. म्हणून नव्या आवृत्तीची छापण्याआधीची पानं वहिनी वाचून दाखवी, तो सांगेल ती चूक लाल पेनानं दुरुस्त करी आणि त्याचं बोट जागेवर टेकवून सही घेई.

त्या दुपारी तिनं वाचलं जुनंच. लाल पेनानं मात्र खरं लिहिलं. हार दिरानं चोरला, वहिनीनं आळ घेतला. लिहिताना तिला मनापासून आनंद झाला.

"झालं?"

"झालं. इथं सही करा, भावोजी."

त्यानं सही केली. "राग नाही ना गं तुझा माझ्यावर?"

"राग कसला? गोष्टच ती."

आता बघ तुझी कशी जिरवते, ती मनात म्हणाली.

प्रकाशनाला तिनं सुनेला मुद्दाम ओढून आणलं आणि पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं. पुस्तकांचे गठ्ठे व्यासपीठावरच उघडले गेले. टाळ्या झाल्या. दीर उठला, कोणाचाही हात न धरता माइकपाशी गेला, काळा चष्मा काढून त्यानं खिशात घातला आणि पुस्तक उघडलं.

"जुन्या मजकुरात काना-मात्राही बदललेला नाही," तो म्हणाला. "शेवटी एक नवं प्रकरण तेवढं जोडलंय."

आणि तो घडाघडा वाचू लागला, "दिराची दृष्टी गेली, तशी वहिनीनं लाल पेन उचललं..."